भगवंतरावांचा हिवाळा

नाही, मला आधी एक सांगा, हिवाळा म्हणजे कुठला महिना? डिसेंबर ना? बघा, तुम्हीही डिसेंबरच म्हणालात, म्हणजे आमच्या यांच्यात आणि तुमच्यात काही फरक नाही, पण तुम्ही सगळी नोकरी फॅक्टरीच्या प्लॅनिंग सेक्शनमध्ये नाही ना काढली? यांनी काढली. हे म्हणजे आमचे भगवंतराव. रिटायर झाले तरी घरात दूध किती घ्यायचं त्याचंसुद्धा प्लॅनिंग होतं, आणि संध्याकाळच्या चहाला दूध नसतं ते नसतंच, पण ते जाऊ दे, मी हिवाळ्याचं सांगत होते.

आमची शाल्मली, एकुलती एक, लेसोथोला असते. पहिल्यांदाच ऐकताय ना नाव? मी पण तिला नोकरी लागली तेव्हाच ऐकलं. आफ्रिकेच्या पार खाली, सगळाच्या सगळा डोंगरावर वसलेला देश, आणि चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका, म्हणजे एका देशाच्या पोटात दुसरा देश. तिथे कपड्यांच्या मिलमध्ये ही क्वालिटी बघते. दोन वर्षं झाली तुम्हाला सांगते, पोरीला बघून. लोक म्हणतात फोनवर दिसते की रोज… अहो, फोनवर दिसते ते काय दिसणं? गालावरून हात फिरवता येतो का? वाळलीय का भरलीय, ते दंड धरल्याशिवाय कळतं का आईला?

तर गेल्या संक्रांतीला तिचा फोन आला. "आई, यंदा हिवाळ्यात तुम्ही दोघं याच. मला कामही कमी असतं, आणि तुला बर्फ दाखवते." बर्फ म्हटल्यावर काय विचारता… मी निपाणीची, लग्न होऊन इथे बेंगळुरूला राजाजीनगरात आले, बर्फ बघितला तो उसाच्या रसातला. मी म्हटलं, येते बाई, नक्की कधी निघू सांग, तर यांनी फोनच काढून घेतला हातातून, बंद केला, आणि म्हणाले, "तिला तारखेचं काही बोलायचं नाही. सरप्राइज द्यायचं. प्लॅनिंग माझ्याकडे सोड."

सोडलं. काय करणार? आणि हे पंचांग घेऊन बसले. आफ्रिकेला जायला पंचांग! "हे बघ, हेमंत ऋतू मार्गशीर्षात, म्हणजे डिसेंबर. धुंधुरमास पोरीकडे करू, संक्रांतही तिकडेच करू, बाजरीचं पीठ ने, तीळ ने." मी पण लागले की हो नादाला, चिकपेटेत जाऊन तिच्यासाठी संक्रांतीची काळी साडी आणली, आणि सोबत यांच्यासाठी लोकरीचे पायमोजे शोधले तर दुकानदार म्हणतो, "अक्का, मार्च महिन्यात पायमोजे?" मी त्यालाच झापलं. म्हटलं आमच्या घरी प्लॅनिंग असतं.

मग गेलो तिकिटं काढायला मंजुनाथकडे. मंजुनाथ म्हणजे आमच्या रस्त्याच्या तोंडाशी ज्याचं तिकिटांचं ऑफिस आहे तो, समोर गिऱ्हाईक बसलं तरी मोबाइलमधून मान वर करत नाही. यांनी सांगितलं, डिसेंबर. तो मान खालीच ठेवून म्हणाला, "सार, डिसेंबर अंद्रे अल्ली बेसिगे." म्हणजे डिसेंबरात तिकडे उन्हाळा; बेसिगे म्हणजे उन्हाळा, कानडीत. आता आमचे हे मूळचे साताऱ्याचे, सगळा जन्म बेंगळुरूत गेला तरी यांचं कानडी 'सरी' म्हणजे बरं आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं, याच्या पुढे काही सरकलं नाही. पण टीव्हीवर हवामान बघून दोन शब्द शिकलेत, ते बरोबर त्या दिवशी आठवले. म्हणाले, "बेसिगे नाही रे, तुला चळिगाल म्हणायचंय. चळी म्हणजे थंडी. चळिगाल." कानडी माणसाला कानडी शिकवलं हो! त्याच्याच ऑफिसात बसून! मी म्हटलं, अहो, तो उन्हाळाच म्हणतोय, जरा विचारा तरी त्याला. तर मला म्हणतात, "तू मध्ये पडू नको, प्लॅनिंग माझ्याकडे सोड." मंजुनाथनं एकदा यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, "सरी सार" म्हणाला आणि काढली तिकिटं. त्याच्या बापाचं काय जातंय?

घरी आल्यावर तयारी सुरू. देश उंचावर, म्हणजे हवा विरळ, म्हणजे सवय पाहिजे. यांचं म्हणणं, बेंगळुरू मुळातच उंचावर आहे, त्यामुळे आपली अर्धी सवय झालेलीच आहे, उरलेली गच्चीत करायची. रोज सकाळी मला घेऊन गच्चीत, आणि तिथून लोखंडी शिडीनं पाण्याच्या टाकीवर! साडी खोचून मी टाकीवर बसलेय, खालून समोरच्या शिवलीला अक्का विचारतायत, "एनायतु री, काय झालं, पाणी आलं नाही का?" काय सांगू त्यांना? आफ्रिकेची सवय करतेय?

आणि मग आला जून. पाऊस धो धो, शाल्मलीचा व्हिडिओ कॉल आला, बघते तर पोरगी डोक्याला लोकरीची टोपी, अंगावर दोन शाली, नाक लाल, दात वाजतायत. म्हटलं अगं ताप किती आहे? आलं-गवती चहाचा काढा घे, डॉक्टरकडे गेलीस का? हे मागून ओरडतात, "मलेरियाची टेस्ट कर म्हणावं." ती म्हणते, "आई, ताप नाही गं, थंडी आहे. हिवाळा नाही का इथे? बाहेर बघ." आणि फोन खिडकीकडे फिरवला… पांढरंशुभ्र. डोंगर पांढरे, कुंपण पांढरं, कुणाची तरी गाडी पांढरी. मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितला तो असा, स्वयंपाकघरात उभं राहून, हातात लाटणं घेऊन.

पण बर्फाचं मरू दे हो. पुढे काय म्हणाली ऐका. "बाबा काही बोलेनात, तेव्हा मला वाटलं सरप्राइज असणार. दोन जाड ब्लँकेटं आणून ठेवलीत. रविवारी बाहेर गाडी वाजली की मी दार उघडून बघते, तुम्हीच आलात का." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि वर सांगते, कंपनीनं तिची बदली केलीय, ऑगस्टअखेर लेसोथो सोडायचं, कोलंबोला जायचं. म्हणजे डिसेंबरात आम्ही तिथे उतरणार, आणि पोरगीच नाही! मी फोन ठेवला आणि तशीच पीठ लागल्या हातानं मंजुनाथकडे पळाले, आत्ताची तिकिटं दे म्हटलं. तो म्हणाला, वाटेतल्या देशाचा वेगळा व्हिसा, त्या देशाचा वेगळा, आज कागद दिले तरी ऑगस्ट संपायच्या आत होत नाही अक्का. यांनी कागद ठेवले होते ऑक्टोबरला द्यायचे. प्लॅनप्रमाणे.

घरी येऊन मी यांना काय काय बोलले ते तुम्हाला सांगत नाही. पोरगी दार उघडून बघत बसली आणि तुम्ही मला टाकीवर बसवलंत, एवढं मात्र दहादा बोलले. एखादा माणूस मान खाली घालेल की नाही? हे म्हणतात, "चूक तिची आहे. आपल्या पावसाळ्यात तिचा हिवाळा असतो, तर तिनं सांगताना पावसाळ्यात या असं सांगायला पाहिजे होतं. आईबापाशी बोलताना आईबापाचा ऋतू धरावा माणसानं." ऐकलंत? ऋतूसुद्धा यांच्या घरचा पाहिजे!

मी अबोला धरला. त्या अबोल्यात यांना इडली मिळाली नाही, चटणी मिळाली नाही, एक उप्पीट मिळालं तेवढंच, तेही बिनमोहरीचं.

आता परवा शाल्मली पोचली कोलंबोला. फोन आला, "आई, इथे हिवाळाबिवाळा काही नाही, बारा महिने सारखंच, कधीही या." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू, म्हटलं सुटले बाई, आता यांना घोळ घालायला जागाच राहिली नाही. अबोला सोडला, चहा केला, कप नेऊन हातात दिला आणि म्हटलं, चला, पुढच्या आठवड्यात निघू. तर हे चष्मा पुसत म्हणतात, "घाई करू नको. मी वाचलंय, श्रीलंकेत पावसाळा दोनदा येतो. त्यातला कुठला टाळायचा आणि कुठला धरायचा, ते नीट बघावं लागेल. प्लॅनिंग माझ्याकडे सोड."

सोडलं. म्हटलं करा निवांत. आणि आत जाऊन कपाटातली छत्री काढली, एकच काढली, आणि मंजुनाथला फोन लावून तिकीटही एकच सांगितलं.