शंभर मोजेपर्यंत

प्लंबर : ...म्हणजे माझी मुलगी कच्ची? बाई, जरा पुन्हा बघा. नावांची अदलाबदल झाली असेल.

मुख्याध्यापिका : अदलाबदल नाही. प्रवेशाच्या चाचणीत चाळीसपैकी अकरा. वयाने तिसरीची आहे, पण एवढ्या गुणांवर मी तिला तिसरीत घेऊ शकत नाही. यंदा दुसरीच्या उजळणीच्या वर्गात बसेल. पुढच्या वर्षी बघू.

प्लंबर : उजळणी? अहो, घरी ही माझी उजळणी घेते! जुन्या शाळेतून हिला काढलं ते कशासाठी? तिथे शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळे म्हणाले, सरकारी शाळांमध्ये शाळा बघावी तर ही तुमची, पुलापलीकडची. इथले गणिताचे सर म्हणे मुलांना पळू देतात. हिला सोडता यावं म्हणून हिच्या आईने कामाची पाळी बदलून घेतली. आता घरी जाऊन तिला काय तोंड दाखवू?

मुख्याध्यापिका : या खुर्चीत मला एकवीस वर्षं झाली. आपलं मूल हुशार नाही असं सांगणारा बाप अजून आला नाही.

प्लंबर : तेही खरंच म्हणा. ...बाई, ते बेसिन कधीपासून गळतंय?

मुख्याध्यापिका : आपण मुलीबद्दल बोलत होतो.

प्लंबर : बोलतोच आहे. पण टपटप चालू असली की माझं डोकं चालत नाही. बघू का? कामावरूनच आलोय, पिशवी बरोबर आहे.

मुख्याध्यापिका : राहू द्या. वरती अर्ज केलाय मी.

प्लंबर : अर्जाने पाइप चिकटत नाही, बाई. भिंगरी, सोल्युशनची डबी दे गं.

(तो बेसिनखाली शिरतो. मुलगी डबी देऊन शेजारी उकिडवी बसते.)

मुख्याध्यापिका : भिंगरी म्हणता हिला?

प्लंबर : एका जागी बसेल तर शपथ.

मुख्याध्यापिका : नवल आहे. चाचणीला तर अगदी दगडासारखी बसली होती. छताकडे बघत.

प्लंबर : छताकडे? ...हं, पुसलं. सोल्युशन लावलं. हा बसवला आणि हा धरला. मोज गं.

भिंगरी : दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस...

मुख्याध्यापिका : थांब थांब. हे कसलं मोजणं? मधले आकडे कुठे गेले?

प्लंबर : आमच्या कामातली शिस्त आहे, बाई. सांधा जोडला की शंभर मोजेपर्यंत हात सोडायचा नाही. घाई केली की निसटलाच म्हणून समजा. मोजायचं काम हिच्याकडे.

मुख्याध्यापिका : शंभराचं कळलं मला. मी तिला विचारतेय. हे असं का मोजतेस?

भिंगरी : सगळे मोजायचा कंटाळा येतो. म्हणून जे दुसऱ्या कुणाच्या पाढ्यात येत नाहीत तेवढेच घेते. एकाच्या पाढ्यात सगळेच येतात, तो धरायचा नाही.

मुख्याध्यापिका : कुणी शिकवलं तुला हे?

भिंगरी : कुणी नाही. बाकीचे गाळले की हे उरतात.

मुख्याध्यापिका : मग तुझे शंभर फार लवकर होत असतील.

भिंगरी : हो ना. शंभरापर्यंत पंचवीसच आहेत. म्हणून चार वेळा मोजते. नाहीतर बाबाचा पाइप निसटेल.

मुख्याध्यापिका : ...इकडे ये बरं. हा पेपर तुझाच ना? अकरा प्रश्न सोडवलेस, अकराच्या अकरा बरोबर. पुढची पानं कोरी का?

भिंगरी : वेळ संपला.

मुख्याध्यापिका : वीस मिनिटं होती. काय करत होतीस?

भिंगरी : थांबत होते.

मुख्याध्यापिका : कुणासाठी?

भिंगरी : बाबा, सांगू?

प्लंबर : सांग की. माझी कसली चोरी आहे?

भिंगरी : बाबाने सांगितलंय. उत्तर आलं की आधी शंभर मोजायचे, बाकीच्यांना येऊ द्यायचं. मगच पुढे जायचं.

प्लंबर : अगं, ते वर्गात! तोंडी विचारतात तेव्हा! लेखी परीक्षेत कुणी मोजत बसतं का?

भिंगरी : तू तसं नव्हतास म्हणाला. तू म्हणालास, दर वेळी.

मुख्याध्यापिका : अकरा वेळा शंभर. म्हणजे अकराशे सेकंद. अठरा मिनिटं तर मोजण्यातच गेली. ही अकरा गणितं हिने दोन मिनिटांच्या आत सोडवलीत.

प्लंबर : बाई, मग हे सगळं माझ्यामुळे झालं. जुन्या शाळेत ही प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर द्यायची. आधी कौतुक झालं, मग तिथल्या बाई वैतागल्या, मग हिला वर्गाबाहेर बसवायला लागल्या. पोरं चिडवायची. रोज रडत घरी यायची हो. माझ्याच्याने बघवेना. मी काय शिकलेला माणूस आहे? हाताला जे येतं तेच तिला सांगितलं. शंभर मोज म्हटलं. वाहत्या नळाला मीच बूच मारलं.

मुख्याध्यापिका : डोळे नंतर पुसा. हात सोडलात तर तो पाइप निसटेल.

प्लंबर : नाही सोडला.

मुख्याध्यापिका : आता ऐका. यादी लागलीय, ती मला फाडता येत नाही. पण चाचणी नीट झाली नाही असं वाटलं, तर राहिलेले प्रश्न माझ्यासमोर घेऊ शकते. तेवढा अधिकार आहे मला. जमलं तर नाव तिसरीत, आणि गणिताच्या तासाला पाचवीत, सरांकडे. त्याला वरून मंजुरी लागेल. सहज देणार नाहीत. मी भांडेन.

भिंगरी : पाचवीत सगळे मोठे असतात?

मुख्याध्यापिका : मोठे असतात. पण मधली सुट्टी तुझी तिसरीबरोबरच.

भिंगरी : आणि उत्तर आलं तर?

मुख्याध्यापिका : तर सांगायचं.

भिंगरी : लगेच?

मुख्याध्यापिका : लगेच. आमच्या सरांनाच दम निघत नाही, तेच आधी सांगून टाकतात. त्यांच्याशी शर्यत लाव.

भिंगरी : बाबा, चालेल?

प्लंबर : चालेल गं बाळा. बाबा चुकला. मोजायचं ते पाइपासाठी. तुझ्यासाठी नाही.

मुख्याध्यापिका : ही घे पेन्सिल. माझ्या खुर्चीत बस, टेबल मोठं आहे. एकोणतीस प्रश्न राहिलेत.

भिंगरी : मग बाबाचं कोण मोजणार?

प्लंबर : माझं मी मोजतो. तू कर सुरुवात. एक, दोन, तीन...

भिंगरी : मनात मोज ना, बाबा.

प्लंबर : बरं.

मुख्याध्यापिका : ...अहो, पान उलटलं तिने. दुसरंही.

प्लंबर : छताकडे बघतेय का?

मुख्याध्यापिका : मान वर करत नाहीये. तुमचे शंभर कधीच झाले असतील. या आता बाहेर.

प्लंबर : हळू बोला, बाई. बाहेर निघालो तर खडखड होईल. तिचं होऊ दे आधी.