दातातला धागा

मामा: ...आणि ऐन भरात आलो तर दाताचा तुकडा टक्कन् तुटून जिभेवर! समोर सभागृह गच्च भरलेलं. काय करणार, गिळला.

भाची: गिळलास? मामा, तू म्हणजे ना!

मामा: मग थुंकू कुठे? शेजारच्या व्हायोलिनवालीच्या अंगावर?

मामी: दुसऱ्यांदा तुटला गं. तू दातांची डॉक्टर आहेस, तूच सांग यांना. दात काढून टाका आणि क्लॅरिनेट ठेवा माळ्यावर.

भाची: आ कर बघू. हं, मूळ ठणठणीत आहे. मागच्या वेळी दात भरला, त्या मसाल्यात काचेची बारीक पूड असते. झिजत नाही, चकाकतंही छान. पण तू वाजवताना वरचे दात रोवून बसतोस, तासन् तास. त्या जोरानं बारीकसा तडा गेला, की तो सुसाट आरपार.

मामा: मग आता?

भाची: आत काचेच्याच धाग्यांची पट्टी घालते. तडा धाग्यांशी आला की अडतो. वरून पुडीचा थर.

मामी: सगळाच धाग्यांचा कर की!

भाची: धागे उघडे पडले तर खरखरीत लागतात, मामी. जीभ सोलून निघेल. दोन्ही हवेत.

मामा: खरं सांगू? तुटला तेव्हा मला जरा बरंच वाटलं.

मामी: अहो, काय बोलताय?

मामा: वरचे सूर हल्ली निसटतात. दातामुळे थांबला म्हटलं तर अब्रू राहते. दम संपला म्हणून थांबला, हे कसं ऐकवेल?

भाची: मामा, आता तोंड हलवू नकोस. भरलेलं घट्ट व्हायला निळा दिवा लावतेय.

मामी: हे मला इतके दिवस का नाही सांगितलंत?

मामा: अं... आँ...

मामी: राहू दे. पोरी, पक्का बसव गं तो. निसटले सूर तर निसटले, खालचे वाजवतील.

भाची: झालं! चूळ भर. आता वाजव, पण बेतानं.

(मामा क्लॅरिनेट जोडून वाजवू लागतात. दाराबाहेरची कुजबुज थांबते.)

मामी: तो वरचा घ्या. घ्या हो, मी आहे ना... बघा! आला की नाही?

भाची: पुरे, पुरे! बाहेर पेशंट खोळंबलेत. मामा, दात कसा वाटतोय?

मामा: कुठला दात?