ज्या जागी बोललो, त्याच जागी

सन्माननीय नव्या अध्यक्ष मीनाक्षीताई, व्यासपीठावरील पाहुणे शेखरराव, आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत त्या आपल्या मावळत्या अध्यक्ष वनमालाताई, आणि रायपूरच्या या मराठी मंडळातील माझ्या बंधू-भगिनींनो,

मागे वरण-भात निवत चालला आहे, हे मला इथून दिसतं. त्यामुळे वनमालाताईंचे सव्वीस वर्षांचे गुण मी मोजत बसत नाही. एकच गोष्ट सांगतो. ती सांगायला मला सात वर्षं लागली.

आपल्या वार्षिक सभेत 'मोकळी पाच मिनिटं' असतात. कुणीही उठावं, मनातलं बोलावं, मध्ये कुणी अडवायचं नाही. ही ताईंनी पाडलेली प्रथा. राज्य नवं झालं, राजधानीत नवी कार्यालयं आली, आणि एका बँकेतर्फे मीही पुण्याहून आलो. शुद्ध मराठीची मोठी घमेंड घेऊन आलो होतो.

पहिल्याच सभेत मी पाच मिनिटं मागितली आणि बाबारावांची नक्कल केली. रेल्वेतून निवृत्त झालेले आपले बाबाराव दर रविवारी चौबे कॉलनीतल्या स्वतःच्या घरी मुलांना मराठी शिकवायचे. 'मी जाऊन राहिलो, तू येऊन राहिला' असं त्यांच्या आवाजात म्हणून मी विचारलं, ही मराठी मुलांना शिकवायची का? सभागृह खदखदून हसलं. बाबारावही हसले. ते हसणं मला अजून झोपताना आठवतं.

पुढच्या रविवारपासून वर्ग बंद. गोल बाजारात भेटले तर म्हणाले, "नमस्ते भैया, सब बढ़िया?" मंडळातही ते सगळ्यांशी हिंदीतच बोलू लागले. मला बोलायचं स्वातंत्र्य होतं, कबूल. पण ते वापरून मी एका माणसाकडून त्याच्या घरची भाषा काढून घेतली. याला काय म्हणायचं?

कार्यकारिणी चिडली. पाच मिनिटांची प्रथाच बंद करा, असा ठराव आला. तेव्हा ताई उठल्या. त्यांचे शब्द मला पाठ आहेत. "काहून बंद करून राहिले? उदय चुकला, तर उदयले सांगा. बाकीच्यायची तोंडं काहून शिवता?" ठराव पडला. बाहेर पायऱ्यांवर मला मात्र त्यांनी थांबवलं. "घरी जाऊन माफी मागशील, ते सोपं आहे. जिथं बोलला तिथं माग. केव्हा, ते तू ठरव. मी जबरदस्ती नाही करणार."

मी घरी जाऊन मागितली. बाबारावांनी चहा पाजला, "कोई बात नहीं" म्हणाले आणि फाटकापर्यंत सोडायला आले. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतर दर सभेत ताई माझं नाव पुकारायच्या. दर सभेत मी उठायचो आणि पार्किंगवर बोलायचो! कधी गणपतीच्या मांडवावर, कधी पाण्याच्या टाकीवर. ताई पाच मिनिटं शांतपणे ऐकायच्या, होकारार्थी मान हलवून म्हणायच्या, "हव, बस." एकदाही टोमणा मारला नाही. ताई, तुम्ही रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

परवा ताई लेकीकडे, देवश्रीकडे बंगळुरूला निघतील. पुढच्या सभेत माझं नाव कोण पुकारणार?

मीनाक्षीताई, आपण बोलू दिलंत, आभारी आहे. शेखरराव, आपला वेळ घेतला. मंडळी, आपण ऐकून घेतलंत. भाषणाच्या शेवटी चुकलं-माकलं माफ करा असं सगळेच म्हणतात, पण मला आज ते एकाच माणसाला म्हणायचं आहे. बाबाराव, तिसऱ्या रांगेत बसला आहात. याच जागी उभा राहून मी तुमची चेष्टा केली. ती चूक होती, क्रूरपणा होता. मला माफ करा. आणि रविवारी माझ्या मुलीला, ज्ञानदाला, तुमच्याकडे पाठवू द्या. घरी ती मला हिंदीत उत्तर देते. तिला तुमची मराठी शिकवा.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं, बाबाराव, मागेही ऐकू द्या.

ऐकलंत ना सगळ्यांनी? म्हणतात, "पाठव पोट्टीले. अन् तू बस आता खाली, भात थंडा होऊन राहिला."

बसतो, बाबाराव.