गिअर टाकला की बंद

(अहमदपूर. एसटी स्टँडमागचं नागप्पा मिस्त्रीचं गॅरेज. मधोमध उंच मडगार्डची, चिखलानं माखलेली मोटारसायकल. तिच्याशेजारी ज्योत्स्ना उकिडवी बसलेली. दारात टेंपो; त्याला टेकून तिचा दीर नागसेन.)

नागसेन : शब्द तुमचाच होता, वहिनी. आज दुपारपर्यंत गाडी चालली नाही तर भंगारात घाला, नोकरी सोडून मी लातूरला येते. दादासमोर म्हणालात.

ज्योत्स्ना : म्हणाले. दुपार व्हायचीय अजून.

नागसेन : दादानं इमारत भाड्यानं घेतलीय. कोचिंगच्या पोरींचं होस्टेल, खाली मेस. आईनं शेगड्या आणल्या. बॅनरही छापून आलं, 'ज्योत्स्नाताईंचं घरगुती जेवण'.

ज्योत्स्ना : माझं नाव टाकताना मला कुणी विचारलं?

नागसेन : घरच्या माणसाला काय विचारायचं?

ज्योत्स्ना : बाहेरच्याला तरी विचारलं असतं. नागप्पामामा, तुम्ही सांगा, आता काय झालं?

नागप्पा : तेच की, अक्का. नांदेडहून आणल्या त्या क्लचप्लेटा टाकल्या. बसल्या बी बराबर. न्यूट्रलला झकास चालून राहिली. पहिला गिअर टाकला की खल्लास.

नागसेन : मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. चायना माल. लातूरचा मिस्त्री तर हसला. म्हणाला, टाकीवर जिचं नाव आहे ती कंपनीच गाशा गुंडाळून गेली, पार्ट काय आभाळातून आणू?

ज्योत्स्ना : टाकीवरचं नाव स्टिकर आहे, भाऊजी. कुणीही चिकटवतं. इंजिनवरचं मी टूथब्रशला रॉकेल लावून घासलं तेव्हा दिसलं. एकशे त्रेसष्ट, पुढं एफ-एम-एल. म्हणजे एक सिलिंडर, त्रेसष्ट मिलिमीटरचा पिस्टन, दोनशे सीसी. हेच इंजिन तिकडं कैक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. म्हणून तर प्लेटा मिळाल्या.

नागप्पा : ते खरं हाय. वळख पटली नंबरानं. पन दुखणं सापडंना. तीनदा इंजिन खोललं मी. माझी बी इज्जत हाय ना, अक्का.

ज्योत्स्ना : परत एकदा सुरू करा. क्लच पूर्ण दाबून धरा, सोडू नका. आणि आता गिअर टाका.

नागप्पा : हं. गेली बघा.

ज्योत्स्ना : क्लच दाबलेलाच होता?

नागप्पा : हँडलला टेकलेला.

ज्योत्स्ना : मग क्लचचा काय संबंध? चाकावर जोरच आला नाही. आणि ती आचके देत नाही मरत. किल्ली फिरवावी तशी गप होते. कुणीतरी करंट तोडतंय.

नागप्पा : गिअरमधी टाकल्यावरच तोडतंय? असं कोन तोडंल?

ज्योत्स्ना : तेच बघतेय. ही वायर बघा. इंजिनाकडून येते आणि खाली साइडस्टँडपाशी जाते. स्टँडला वायर कशाला लागते?

नागप्पा : स्टँडला? न्हाई, आपल्याकडच्या गाड्यांना नसती. मी म्हनलो, कुनीतरी हॉर्नबिर्नची आनून बांधली आसंल.

नागसेन : वहिनी, टेंपोवाला खोळंबलाय.

ज्योत्स्ना : बसू द्या. चहा सांगा त्याला. मामा, ह्या दोन वायरी इथून सोडवून एकमेकींना जोडा. जरा वेळ, नुसतं बघायला. हां. आता सुरू करा.

नागप्पा : गिअर टाकू?

ज्योत्स्ना : टाका.

नागप्पा : आयला. चालूच हाय.

ज्योत्स्ना : दुसरा?

नागप्पा : दुसरा बी. अक्का, म्हंजे स्टँड खाली आसलं तर गाडीनं निघूच नये म्हनून बटन ठिवलंय की त्येंनी. आन् आपन इंजिन फाडून राहिलो. ही बघा, बटनात काळी माती गच्च. स्टँड वर केलं तरी ती आपली खालीच समजती. ऱ्हाऊ द्या, आता ह्या वायरी कायमच्या पिळून टाकतो. झगडाच मिटला.

ज्योत्स्ना : नको. बटण साफ करा. चालायला हवं ते.

नागप्पा : कशाला? सगळं गाव बटनाबिगर फिरतंय.

ज्योत्स्ना : पुढं टाकीवर माझी पोर बसणार आहे. मी घाईत स्टँड विसरले तर गाडीनं मला थांबवलं पाहिजे.

नागप्पा : बरं. पेट्रोलनं धुतो.

नागसेन : मनूला? ह्या गाडीवर? वहिनी, तुम्ही रात्री उठून पोरीच्या नाकाशी बोट धरता, श्वास चाललाय का बघायला. दादा सांगतो सगळं. पंख्याचा आवाज बदलला तरी तिला उचलून अंगणात जाता.

ज्योत्स्ना : जाते. भूकंपात आमच्या घराची माळवदं बसली तेव्हा मी दुसरीत होते. माझ्या बाबांनी मला मातीतून ओढून काढलं. अजूनही भिते. त्यात लपवायचं काय?

नागसेन : मग एवढी भीती असताना हा हट्ट कशाला? शाळेच्या गावाची एसटी बंद झाली, पुलाचं काम दोन वर्षं होत नाही. हेडमास्तरांनी सांगितलंय ना, अजून एकदा उशीर झाला तर दुसरी बाई बघतो म्हणून. लातूरला चला. मनूलाही चांगली शाळा. पहिलीपासून पाया पक्का.

ज्योत्स्ना : होस्टेलमध्ये येणाऱ्या पोरी कुठून येतात, भाऊजी?

नागसेन : खेड्यापाड्यातूनच.

ज्योत्स्ना : ज्यांच्या बापाकडं लातूरच्या क्लासचे पैसे नाहीत, त्या माझ्या वर्गात बसतात. भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या गावात, त्या एकसारख्या घरांत. त्यांना विज्ञान शिकवायला दुसरं कोण जातंय? मागच्या वर्षी विज्ञानाला कुणी नव्हतं तेव्हा दोन महिने त्या तासाला चित्रकला घ्यायचे. आणि मी बीएस्सी होऊन तुमच्या मेसमध्ये चाळीस पोरींच्या पोळ्या मोजत बसू?

नागसेन : मोजायला नाही, सांभाळायला. दादा म्हणतो, ज्योत्स्नाशिवाय हे जमायचं नाही.

ज्योत्स्ना : मला तसं नाही म्हणाला तो. मला म्हणाला, तुझ्या बाबांची गाडी गंजतेय, जागा अडते.

नागसेन : पंढरीकाकांनी तरी ही का घेतली, कोण जाणे.

ज्योत्स्ना : बाबा जनावरांच्या दवाखान्यात होते. पावसाळ्यात ओढ्यातून जावं लागायचं. बाकी गाड्या रुतायच्या, ही निघायची. गुडघे गेले तेव्हा किल्ली माझ्या हातात दिली. जावयाच्या नाही. चालवायलाही त्यांनीच शिकवलं, कापसाच्या रानात.

नागप्पा : अक्का, झालं. स्टँड खाली आसताना गिअर टाकला, बंद पडली. वर घेतलं, चालू ऱ्हायली. एक चक्कर मारून बी आलो. आता तुम्ही बघा.

नागसेन : आज चालली. उद्या परत बंद पडली तर?

ज्योत्स्ना : उद्या परत उघडू.

नागसेन : मग त्या शब्दाचं काय? दादा माझ्यावर चिडणार. म्हणणार, तू तिथं होतास आणि रिकामा आलास.

ज्योत्स्ना : शब्द पाळलाय मी. नाही चालली तर येते, असा शब्द होता. त्याला सांगा, मेसला बाई ठेव, पगार दे. आणि मनूला घेऊन रविवारी मी येईन, भेटायला.

नागसेन : तो नाही ऐकणार.

ज्योत्स्ना : माहीत आहे.

नागसेन : आणि तुम्ही?

ज्योत्स्ना : भाऊजी, जरा मागं सरका. मला गाडी वळवून घ्यायचीय.