हॅव असेपर्यंत

रशियातल्या कोस्त्रोमा गावच्या धक्क्यापाशी व्होल्गा नदी धुक्यात बुडाली होती आणि बोटीचा पत्ता नव्हता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारं जोडपं इंग्रजी घोकत होतं. पुस्तक उघडं धरून मी ऐकत राहिलो. सगळं नीट ऐकलं की नाही, कोण जाणे.

“म्हण सावेली, आपण जन्मभर इथं राहत आलो आहोत,” म्हातारी नवऱ्याला म्हणाली.

“वी लिव्ह्ड हिअर.”

“हॅव कुठं गेलं, ठोंब्या? वी हॅव लिव्ह्ड हिअर. मेलबर्नला जावयाशी असंच बोलणार आहेस?”

“आपल्या रशियनमध्ये ‘राहिलो’ म्हटलं की झालं. हे हॅव कशाला, अग्निया?”

“हॅव नसलं तर राहणं संपलं. असलं तर अजून राहतोय.”

“अस्सं? मग लेकीकडे गेल्यावर?”

“गेल्यावर... काढून टाकायचं.”

“कायमचं?”

“घर विकलंय ना आपण.”

“वी हॅव लिव्ह्ड हिअर.”

“बरोबर.”

“वी हॅव लिव्ह्ड हिअर.”

“आलं तुला, पुरे आता. बोट आली बघ.”

“येऊ दे. आज अजून हॅव चालतंय ना? तूही म्हण.”

“वी हॅव लिव्ह्ड हिअर,” ती म्हणाली, आणि उचललेली पिशवी तिनं पुन्हा खाली ठेवली.