मांडीवरचा कीबोर्ड

पांढरकवड्याच्या बसस्टँडवर म्हातारे रहमतचाचा मांडीवर बोटं दाबत बसले होते. शेजारी बसलेल्या जमनीला राहवलं नाही.

"चाचा, हे काय करून राह्यले?"

"कॉर्ड पलटवून राह्यलो. कीबोर्डवर संगं दाबाचे सूर तेच तीन. खालचा उचलून वर घेतला, की पुढच्या कॉर्डसाठी हाताले उडी मारा लागत नाही."

"कार्यक्रम हाय का कुठं?"

"नाही. माह्या जोडीचा शाम गायचा, मी कीबोर्ड वाजवायचो. म्हणे, तुमचा हात उड्या मारते, माह्यं गाणं तुटते. गेला हैदराबादच्या ऑर्केस्ट्रात."

"अन् आता?"

"आता नाही तुटत."

"मंग सांगा ना त्याले."

"फोन उचलत नाही."

हैदराबादहून आलेली गाडी थांबली. चाचा उठून उतरणाऱ्यांची तोंडं पाहू लागले.

"आज येतो म्हणला का तो?"

"म्हणला नाही."

शेवटचा माणूस उतरला. चाचा बसले आणि बोटं पुन्हा मांडीवर ठेवली.