डोळे मिटून काढलेले एकवीस फोटो

नाही हो, मुद्दाम कशाला करेन मी? चाळीस वर्षं एका मशीनवर राबलेल्या माणसाच्या निरोपाचा फोटो कुणी मुद्दाम घालवेल का? चूक माझीच, नाही कुठे म्हणतोय मी! पण तुम्हाला सांगतो, मला कॅमेऱ्याचा धसकाच आहे… समोर आला की मान आखडते, हातांचं काय करावं कळत नाही, आमची ही तर लग्नाच्या अल्बमला म्हणते, "अहो, तुम्हाला पकडून आणलं होतं का?" म्हणून मी युक्ती काढली, फोटोची वेळ आली की आपणच पुढे व्हायचं, "द्या इकडे, मी काढतो!"

त्या दिवशीही तेच. आमच्या छापखान्यातले बाइंडरकाका रिटायर होत होते, आणि त्यांचं ते कागद कापायचं मशीन त्याच दुपारी भंगारात जाणार होतं. काकांनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला, म्हणाले, "नीट काढ रे बाबा. चाळीस वर्षं घरी ह्याच्याच गोष्टी सांगतोय, तुझ्या काकूनं ते कधी पाहिलेलं नाही."

झालं, सतरा माणसं मशीनभोवती उभी, सगळी माझ्याकडे बघतायत… आणि फोटो काढतानासुद्धा मोबाइल उचलल्यापासूनच माझे डोळे मिटलेले असतात, हे सांगायचं कुणाला? दाबत सुटलो. "आले का रे?" "मस्त आले, काका!" न बघता! चूक माझीच, नाही कुठे म्हणतोय मी!

मशीन टेम्पोत चढून गेलं, आणि संध्याकाळी काकांचा फोन. सकाळी लेकीनं त्यांच्याबरोबर सेल्फी काढलेली, कॅमेरा तसाच उलटा राहिलेला. एकवीसच्या एकवीस फोटोंत मी! काका रागावलेसुद्धा नाहीत हो, नुसतं म्हणाले, "असू दे."

रविवारी माफी मागायला गेलो, तर समोरच्या भिंतीवर फ्रेममध्ये माझं तोंड… हे एवढं मोठं! काकू कौतुकानं म्हणाल्या, "फोटोतल्या तुमच्या चष्म्यात बघा ना." बघितलं. उजव्या काचेत मुगाएवढे काका, मशीनवर हात ठेवून हसतायत. मला रडूच आलं हो. काकू म्हणाल्या, आता हा फोटो इथून हलणार नाही.

मीही म्हटलं, असू दे. फक्त त्यांच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा ते मिटलेले डोळे बघतो, चप्पल काढतो आणि हळूच विचारतो, "कधी गेले?"